मळ्याची ऊब

त्या माळावरच्या वारुळात लाखभर वाळव्या राहत होत्या, आणि त्या सगळ्यांचं पोट एकाच मळ्यावर चालत होतं.

मळा म्हणजे जमिनीखालच्या खोल्यांमधून पसरलेली बुरशीची शेती. बाहेरून वाळकं गवत आणि काटक्या आणायच्या, चावून त्यांचा भुसा करायचा, तो ओल्या मातीवर अंथरायचा आणि त्यावर बुरशी धरली की तिच्यावर येणारे पांढरे दाणे खुडून सगळ्यांना वाटायचे, हा त्यांचा पिढीजात उद्योग होता. हे काम मळेकऱ्यांचं. दाया पोरं वाढवायच्या, शिपाई दारांवर उभे असायचे. आणि सगळ्यांच्या मधोमध एका दालनात सगळ्यांची आई असायची. तिला थोरली म्हणत. ती जागची हलत नसे, पण तिला विचारल्याशिवाय वारुळात कुठलीही मोठी गोष्ट होत नसे.

गोजरा मळेकरी नव्हती आणि दाईही नव्हती. ती वाऱ्याच्या वाटा राखायची. जमिनीलगत बारीक बोळ होते, त्यांतून ताजा वारा आत यायचा. मधोमध शेंड्यापर्यंत गेलेली एक पोकळ नळी होती, तिला उभी वाट म्हणत. शिळा वारा तिच्यातून बाहेर जायचा. गोजरानं दिवसभर हिंडायचं, मिशा पुढे करून वारा किती आहे, ओला आहे की कोरडा हे जोखायचं, भोक मोठं झालं असेल तर थुंकीत कालवलेल्या मातीनं लिंपायचं, बुजलं असेल तर कोरायचं. तिच्या हाताखाली चाळीस जणी होत्या. या कामाचं कौतुक कधी होत नसे. दाणा गोड लागला तर लोक मळेकऱ्याचं नाव काढत. आज वारा छान आहे असं मात्र कुणी कुणाला म्हणत नाही. गोजराला त्याचं काही वाटत नसे. आपण आहोत म्हणून लाख जणांचा श्वास चालतो, एवढं तिला स्वतःपुरतं ठाऊक होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

जुना मळा जमिनीवर चटईसारखा पसरलेला असे. उन्हाळा कडक झाला की तो कडांकडून सुकत यायचा. मग प्रत्येकाचा वाटा अर्धा व्हायचा, कधी पाव. अशाच एका उन्हाळ्यात, गोजराला जिनं वाढवलं होतं ती अनशी नावाची दाई नऊ दिवस म्हणत राहिली, "आज मला भूकच नाही गं, तू घे." गोजरानं घेतलं. दहाव्या दिवशी अनशी उठली नाही. तेव्हापासून मळा वाढावा असं गोजराइतकं मनापासून वारुळात कुणालाच वाटत नसेल.

तो वाढवला केरबानं. केरबा हा उतारवयाकडे झुकलेला, कमी बोलणारा मळेकरी. भुसा इतरांपेक्षा बारीक चावायची त्याला सवय होती, आणि त्यावरून त्याची थट्टाही होत असे. त्यानं एका कोपऱ्यात बारीक भुशाचा थर रचला, मध्ये ओल्या मातीचे खांब उभे केले, त्यावर दुसरा थर चढवला, मग तिसरा. पहिल्या वर्षी सगळं कोसळलं. दुसऱ्या वर्षी काळी बुरशी लागली. तिसऱ्या वर्षी सात थर उभे राहिले आणि प्रत्येक थरावर दाणे असे लगडले की खुडणाऱ्या दमल्या. एका खोलीत पाच खोल्यांचं पीक आलं.

त्या दिवशी सगळं वारूळ त्या खोलीशी लोटलं. केरबा मात्र एका खांबाला मिशा टेकवून उभा होता. गोजरा त्याच्याजवळ गेली.

"केरबादादा, आता उन्हाळ्यात कुणाला खोटं बोलावं लागणार नाही."

केरबाला अनशीची गोष्ट ठाऊक होती. तो म्हणाला, "तेवढ्यासाठीच केलं, बाई."

पुढच्या दोन वर्षांत मजल्यांचा मळा जवळजवळ सगळीकडे झाला. लोक जाड झाले, शिपायांचे जबडे भक्कम झाले. अंडी वाढली, पोरं वाढली. मात्र या मळ्याला एक गोष्ट चालत नसे. थर ओले राहायला हवेत, आणि वारा त्यांना सुकवायचा. केरबा एकदा गोजराकडे आला आणि संकोचत म्हणाला, "या खोलीतले दोन बोळ बंद करशील का? अगदी दोनच." तिनं आनंदानं केले. स्वतः माती कालवली, स्वतः लिंपली. या मोठ्या कामाला आपलाही हात लागला याचं तिला भूषण वाटलं. मग दुसऱ्या मळेकऱ्याचे तीन बोळ, तिसऱ्याचे चार. पुढे जागा अपुरी पडू लागली, तेव्हा बोळांतला वारा उभ्या वाटेकडे नेणाऱ्या आडव्या वाटांकडे लोकांचं लक्ष गेलं. एवढ्या रुंद वाटा नुसत्या रिकाम्या पडल्यात, असं त्यांना वाटलं. त्यांत थर रचले गेले. गोजरा दोनदा बोलली. "रिकाम्या नाहीत, त्यांत वारा आहे," असं ती म्हणाली. लोक हसले आणि तिच्यापुढे ताज्या दाण्यांचा मोठा वाटा ठेवला. दाणे खरंच उत्तम होते. शेवटी पोरांच्या खोल्याही आत, मळ्यांच्या मधल्या जागांत आल्या. तिथं ऊबदार होतं. पोरांना ऊब चांगलीच, असं सगळे म्हणाले.

पोरांची मुख्य दाई ठकूबाई होती. आवाज मोठा, जीभ तिखट, हात मऊ. ती एके दिवशी गोजराकडे आली ती आवाज खाली आणूनच.

"गोजरे, माझी पोरं रडत नाहीत."

"मग बरंच की."

"बरं कसं? भुकेलं पोर रडतं. ही भुकेलीही होत नाहीत. भरवलं तर गिळतात, नाही भरवलं तर झोपतात. अंगाला ओलसर डाग उठलेत. सगळे म्हणतात, पोट भरलंय म्हणून झोपतात. मी तीन पिढ्या वाढवल्यात. भरल्या पोटाची झोप मला कळते. ही ती नाही."

गोजरा तिच्याबरोबर गेली. पोरांच्या खोलीत शिरल्यावर तिला पहिल्यांदा सुखच वाटलं. सगळं मऊ, उबदार, दमट. ती एका पोराशेजारी बसली. थोड्या वेळानं ठकूबाईनं तिला हलवलं.

"काय झालं? काही बोलेनास."

"मी इथं कशाला आले होते?" गोजरानं विचारलं, आणि स्वतःचाच प्रश्न ऐकून ती दचकली. डोकं जड झालं होतं. तिनं मिशा ताणल्या, भिंतीला लावल्या, छताला लावल्या. वारा नव्हता. उगाच थोडा होता असंही नाही, अजिबातच नव्हता. त्या खोलीचा बोळ जिथं निघायचा तिथलं लिंपण तिनं चाचपलं. मातीचा थर एकसारखा, कडा चापून बसवलेल्या. ती लिंपणाची पद्धत तिची स्वतःची होती.

त्या आठवड्यात अकरा पोरं झोपेतून उठली नाहीत.

गोजरानं कुणाला न विचारता त्या खोलीलगतचे चार बोळ फोडले. पोरांनी हालचाल केली. एकदोघांनी तोंडही उघडलं. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्याचे सातही थर वाळून तडकले. तो मळा हजार जणांचं पोट भरत होता. मळेकरी तिच्या अंगावर धावून आले. "आम्ही रक्त आटवायचं आणि हिनं चार भोकं पाडून सगळं जाळायचं!" एकजण ओरडला. तिकडे दाया ओरडू लागल्या की हा मजल्यांचा मळाच मोडा, पूर्वीसारखं पसरून पिकवा. दोन तट पडले. थोरलीपुढे सगळे जमले आणि एकाच वेळी बोलू लागले.

थोरली बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "जुना मळा आता एवढ्यांना पुरेल का?"

मळा मोडा म्हणणाऱ्या दाया मागे सरल्या. निम्म्यांनाही पुरला नसता.

"आणि अशी झोपणारी पोरं उद्या मळा पिकवतील का?"

आता मळेकऱ्यांनी मिशा खाली घातल्या.

"मग दोन्ही बाजूंनी मला अर्धंच सांगितलंत," थोरली म्हणाली. "पुरतं सांगणारं कुणी असेल तर यावं."

गोजरा बाहेर पडली ती थेट वाळलेल्या मळ्यात गेली. केरबा तिथं तुटके थर उचलत होता. त्यानं तिला ओळखलं, पण काम थांबवलं नाही.

"दादा, रागावलास?"

"राग नाही गं." त्यानं आणखी एक थर उचलला. "त्या अकरांतलं एक पोर माझ्या दाराशी रांगत यायचं. दाण्याचा वास आला की यायचं. मी त्याला रोज एक दाणा द्यायचो." त्याच्या हातातला थर पुन्हा तुटला. "मळा जगवायचा तर वारा नको. पोरं जगवायची तर वारा हवा. मी काय करू ते तू सांग."

गोजरा निघून गेली नाही. तिनं आयुष्यभर वाटा राखल्या होत्या. मळ्यात उभी राहून काम असं तिनं कधी केलं नव्हतं. ती केरबाबरोबर शेजारच्या जिवंत मळ्यात गेली आणि तो सांगेल ते करू लागली. भुसा वाहिला, खांब लिंपले. चौथ्या दिवशी ती सर्वांत वरच्या थरावर चढली आणि एकदम मागे सरली.

"इथं एवढं गरम का?"

"बुरशी वाढते तेव्हा तापते. जेवढे थर जास्त, तेवढी ऊब. वर काम करणाऱ्यांच्या डोक्याला चटका बसतो."

"आणि ही ऊब जाते कुठं?"

"जाईल कुठं? छताला लागते आणि तिथंच कोंडते."

गोजरा छताखाली बराच वेळ थांबली. गरम वारा छताशी लोटत होता, कुठंतरी वर जायला वाट मिळावी म्हणून धडपडत होता. आणि तिच्या मनात आलं की वारा बाहेरून ढकलून आत आणावा लागतो, असंच आपण जन्मभर समजत आलो. पण गरम वारा वर निघून गेला, तर त्याची जागा भरायला खालून दुसरा वारा आपोआप येईलच. त्याला बोलवायलाही नको. मळ्यावरून तो नेऊच नये. मळ्याला सगळ्या बाजूंनी भिंती घालाव्यात, फक्त डोकं उघडं ठेवावं, आणि ते डोकं उभ्या वाटेच्या बरोबर खाली यावं.

"दादा," ती वरूनच म्हणाली, "तुझा मळा उचलून मधोमध नेता येईल का?"

केरबाचा विश्वास बसेना. पण तिनं सांगत राहावं आणि त्यानं अडचणी काढत राहाव्यात, असं दोन दिवस चाललं, आणि त्या अडचणींतूनच बेत पक्का होत गेला. पोरांना आतल्या उबेतून काढून कडेच्या, उत्तरेच्या थंड खोल्यांत न्यायचं. ताजा वारा आधी पोरांवरून येईल, मग मळ्याच्या भिंतींबाहेरून वाहत जाईल आणि वर निघेल. "तरी कोरडा वारा भिंतींतली ओल ओढून घेईल," केरबा म्हणाला. त्यावर गोजरानं बोळांना वळण देऊन ते खाली, विहिरीइतक्या खोल मातीपर्यंत न्यायचं ठरवलं, म्हणजे वारा ओला होऊनच येईल.

थोरलीनं ऐकून घेतलं. "जमेल?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही," गोजरा म्हणाली. "एका मळ्यावर आणि पोरांच्या एका खोलीवर करून बघते. नाही जमलं, तर ती एकच खोली जाईल. आणि एक सांगायचं राहिलंय. ज्या बोळामुळं पोरं झोपली, तो मी स्वतः लिंपला होता."

दालनात कुजबुज झाली. थोरली म्हणाली, "म्हणूनच उघडणारा हातही तुझाच लागेल."

एक मळा हलवायला बारा दिवस लागले. सात थर चिमटीचिमटीनं उचलून, पुन्हा रचून, भिंती घालून उभे केले. तिकडे उत्तरेच्या खोलीत ठकूबाईनं वीस पोरं आणली. गोजरानं वाटेतला मातीचा शेवटचा पडदा कोरला, आणि सगळे वाट बघत बसले. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी अगदी नाजूक झुळूक आली, आणि गेली. मळेकरी एकमेकांना खुणावू लागले. केरबा आपल्या मळ्यावर चढून बसला होता. थर तापताहेत का हे तो पुनःपुन्हा बघत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊब धरली. उभ्या वाटेत एक लांब, सलग ओढ सुरू झाली आणि ती थांबली नाही. पोरांच्या खोलीतली धूळ सरकत एका दिशेनं निघाली. ठकूबाई त्या वीस पोरांच्या मधोमध बसली होती.

त्यांतलं एक पोर हललं. मग त्यानं मान उचलली आणि भोकाड पसरलं.

"रडतंय!" ठकूबाई ओरडली. "अगं, रडतंय! भूक लागलीये त्याला!"

दुसऱ्यानं सूर धरला, मग तिसऱ्यानं. पहारा सोडून शिपाई ऐकायला आले. ज्या मळेकऱ्यांनी गोजराला शिव्या दिल्या होत्या, त्यांनी दाणे आणून दिले आणि ठकूबाईच्या हातून ते खाणारी पोरं चाचपत उभे राहिले. केरबाचे थर ओलेच होते. पुढच्या खुडणीला त्यांवर जितकं दाट पीक आलं, तितकं त्याच्या त्या मळ्यात आधी कधी आलं नव्हतं. कोंडलेल्या उबेनं वरचे थर भाजून निघायचे, ते आता निघत नव्हते.

मग सगळं वारूळ कामाला लागलं. मळे हलवताना पीक बुडेल, म्हणून त्या मोसमात प्रत्येकाचा वाटा अर्धा होणार हे थोरलीनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आणि कुणी कुरकुर केली नाही असं मात्र नाही. पुष्कळांनी केली. तरी हात थांबले नाहीत. नव्वद मळे हलले. दोन मळ्यांतली बुरशी हलवण्यात मेली. तेव्हा तिचं बी मिळालं ते हैबतीच्या खोलीतून. हा एक हट्टी म्हातारा. त्यानं आपला चटईसारखा जुना मळा कधी सोडलाच नव्हता. सगळ्यांनी त्याला मागे वेडा ठरवलं होतं. त्यानं बी दिलं, पण स्वतःचा मळा हलवू दिला नाही. त्याला कुणी आग्रहही केला नाही.

सर्वांत अवघड काम उभ्या वाटेचं होतं. नव्वद मळ्यांची ऊब बाहेर काढायची तर ती वाट आणखी उंच हवी होती, आणि त्यासाठी उघड्यावर, शेंड्यावर जायला हवं होतं. तिथं पाखरं होती, मुंग्या होत्या. शिपायांनी कडं केलं आणि त्यांच्या आत मळेकरी, दाया, वाटा राखणाऱ्या चाळीस जणी असे सगळे तोंडात माती घेऊन चढले. तीन सकाळी पाखरांनी घाला घातला. चौथ्या सकाळीही तेवढेच जण चढले. गोजरा सगळ्यांच्या पुढं होती, पण वाटेत तिनं मागे वळून मिशा लावल्या तेव्हा तिच्या अगदी पाठोपाठ केरबा होता. उतारवयातला, धापा टाकणारा, आयुष्यात कधी उघड्यावर न आलेला.

"दादा, तू कशाला आलास?"

"माझ्या मळ्याचं धुराडं आहे ते," केरबा म्हणाला. "दुसऱ्यानं बांधलेलं मला चालायचं नाही."

"पोरांचं आहे ते."

"असेल. माती दे इकडे."

उभी वाट पूर्वीपेक्षा दीडपट उंच झाली. पावसाळ्यात तिला दोनदा भेग गेली आणि दोनदा ती सांधली. त्या वर्षी जन्मलेली पोरं रांगायच्या वयात इतकी दांडगट निघाली की दायांना ती आवरेनात, आणि ठकूबाईचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा सगळ्या वारुळाला ऐकू जाऊ लागला.

थंडीत पलीकडच्या वारुळातली काही मंडळी हे बघायला आली. त्यांनीही मजल्यांचा मळा सुरू केला होता आणि त्यांचीही पोरं फार झोपू लागली होती. गोजरानं त्यांना पहाटे शेंड्यावर नेलं. त्यांची पुढारी चंपई नावाची एक करारी बाई होती. तिनं वाटेच्या तोंडात मान घातली आणि तशीच राहिली. खालून संथ, ऊबदार वारा येत होता, एखाद्या मोठ्या जनावराच्या श्वासासारखा थोडा मंदावत होता, पुन्हा भरून येत होता.

"आत एवढं मोठं कोण आहे गं?" चंपईनं हळूच विचारलं.

गोजरा म्हणाली, "आम्हीच."

माळ गारठून पांढरा पडला होता. दूरवर पसरलेली बाकीची वारुळं थंड, बंद उभी होती. या एका वारुळाच्या शेंड्यातून मात्र वाफेची रेघ सरळ वर चढत होती, सकाळी एखाद्या गावात सगळ्यांच्या चुली पेटल्या असाव्यात आणि सगळ्यांची पोरं जागी झाली असावीत, तशी.